अर्धा मुळा

तोक्योत आले त्या पहिल्या आठवड्यात सुपरमार्केटमधल्या मुळ्यांपुढे मी बराच वेळ नुसती उभी होते. मुळे होते, पण अर्धे. मधोमध कापलेले, पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले. एका बाजूला वरचे अर्धे, दुसऱ्या बाजूला खालचे. शेजारी पाव कोबी. मला वाटलं, किडका भाग काढून टाकून उरलेलं विकतायत. मग मी कोपऱ्यातला एक अख्खा मुळा शोधून मोठ्या ऐटीत घरी आणला. तो फ्रिजमध्ये मावेना. तिरका घातला तर दार लागेना. शेवटी त्याचे दोन तुकडे केले, म्हणजे दुकानदारानं जे केलं होतं तेच.

मी राहते तो नेरिमा वॉर्ड एके काळी मुळ्यासाठीच प्रसिद्ध होता. इथला मुळा लांबसडक, हात पुरणार नाही इतका. तो वाळवायचा आणि मीठ-कोंड्यात दाबून मुरवायचा की झालं 'ताकुआन', भाताबरोबर खायचं पिवळं लोणचं. आमच्या घरमालकीणबाई आता 80 च्या पुढे आहेत. त्यांच्या लहानपणी हिवाळ्यात दारोदारी मुळ्यांच्या माळा वाळत असायच्या. "तेव्हा घरात नऊ माणसं होती," त्या म्हणाल्या. आता त्या एकट्याच राहतात आणि पाव कोबी आणतात. 2020 च्या जनगणनेत अख्ख्या जपानमधली 38 टक्के घरं एकेका माणसाची निघाली. अर्ध्या मुळ्याचं कोडं मला तिथे सुटलं.

मुळा बदलला तो मात्र फक्त माणसं कमी झाली म्हणून नाही. तोक्योच्या दक्षिणेला मिउरा नावाचं द्वीपकल्प आहे. तिथला मुळा मधे फुगीर आणि खाली निमुळता, त्यामुळे उपटताना कंबर मोडायची. 1979 मध्ये वादळानं ते पीक झोपवलं. पुन्हा पेरायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्यांनी 'आओकुबी', म्हणजे हिरव्या मानेचा मुळा लावून बघितला. तो सरळसोट, गोडसर, आटोपशीर आणि जमिनीतून अलगद निघणारा. शेतकऱ्याची कंबर वाचली, गिऱ्हाइकाला चव आवडली, खोक्यात ओळीनं बसू लागला. थोड्याच वर्षांत जुना मुळा जवळपास संपला. आज दुकानात दिसतात ते बहुतेक सगळे या हिरव्या मानेचे. आमच्या नेरिमात जुना मुळा उपटायच्या स्पर्धा भरवतात. पूर्वी जे रोजचं काम होतं, त्याला आता बक्षीस मिळतं!

आणि सॅलड? इथल्या काचेसारख्या करकरीत लेट्यूसकडे बघून वाटतं, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाला कच्चाच खात आले असतील. तसं अजिबात नाही. पूर्वी इथेही शेतात सोनखत पडायचं. शहरातला मैला गाड्या भरभरून शेतांवर जायचा, त्याला पैसेही मोजावे लागायचे. त्यामुळे भाजी शिजवायची किंवा मिठात मुरवायची, हाच शहाणपणा. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य आलं आणि त्याला रोज कच्चं सॅलड हवं होतं. सोनखतावरची भाजी ते तोंडात घालेनात. म्हणून 1946 मध्ये तोक्योजवळच्या चोफू इथे त्यांनी मातीशिवाय, खत मिसळलेल्या पाण्यावर भाजी पिकवणारं शेतच उभारलं. लेट्यूसची ही मागणी पुढे नागानोच्या डोंगरातल्या कावाकामी गावापर्यंत पोचली. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, थंड आणि गरीब असं हे गाव. आज उन्हाळ्यात या देशाच्या ताटात पडणारं लेट्यूस मोठ्या प्रमाणात तिथून येतं.

तरीही आकडे उलटेच बोलतात. कृषी मंत्रालय दर वर्षी देशाच्या अन्नाचा ताळेबंद मांडतं. 1960 च्या दशकाच्या शेवटी इथे माणशी वर्षाला 120 किलोहून जास्त भाजी मिळत होती. आता ती 90 च्या खाली आली आहे. सरकार सांगतं, मोठ्या माणसानं दिवसाला 350 ग्रॅम भाजी खावी. 2023 च्या पाहणीत सरासरी निघाली साधारण 256 ग्रॅम. भाज्यांचे प्रकार वाढले, पण ताटातलं वजन घटलं. घटलेल्या वजनात मुळा आणि चिनी कोबी या जुन्या, जड, लोणच्याच्या भाज्यांचा वाटा मोठा आहे. रोज तीन वेळा भात नाही, मग रोज लोणचंही नाही.

बाजारातून आणून घरी शिजवायची भाजी जवळजवळ सगळी देशातलीच असते. पण 1965 मध्ये हा देश स्वतःपुरती सगळी भाजी पिकवत होता आणि आता साधारण 80 टक्केच पिकवतो, असं का? उरलेली भाजी तयार डब्यांत, फ्रोझन पाकिटांत आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत असते. सोललेला कांदा चीनहून येतो, आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ऑफिसला जाता-येता मीही तोच डबा खाते, तेव्हा जास्त बोलण्यात अर्थ नाही.

कोबीची गंमत वेगळीच. इथे तो बारा महिने मिळतो, कारण उन्हाळ्यात त्सुमागोईच्या डोंगरावरून येतो आणि थंडीत आइचीच्या किनाऱ्यावरून. एकानं थांबायचं तेव्हा दुसऱ्यानं धावायचं. या धावपळीमागे 1966 चा एक कायदा आहे. ठरावीक भाज्यांचा भाव फार पडला की शेतकऱ्याला निधीतून भरपाई मिळते, म्हणजे तो पुढच्या वर्षीही पेरतो. भाव चढला तर मात्र गिऱ्हाइकाला कोणी वाली नाही. 2024 चा उन्हाळा भाजून काढणारा होता, नंतर पाऊस रुसला, आणि 2025 च्या जानेवारीत कोबीचा गड्डा 500 येनच्या वर गेला. तळलेल्या मांसाबरोबर जिथे चिरलेला कोबी हवा तितका फुकट वाढतात, तिथे हात आखडले. मी शाकाहारी, माझा तर तो कोबी हाच आधार होता!

या कायद्याच्या यादीत 14 भाज्या होत्या. 1974 मध्ये बटाटा आला, त्यानंतर कोणालाच प्रवेश मिळाला नव्हता. 2026 पासून ब्रोकोली पंधरावी, असं जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर ती मोठी बातमी होती. घरमालकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ब्रोकोलीचं लोणचं होतं का?"

आमच्या गल्लीच्या टोकाला अजून एक शेत टिकून आहे. बांधावर लाकडी फळी, फळीवर भाजी, शेजारी पैशांचा डबा, विकायला कोणी नाही. परवा तिथे 100 येन टाकून मुळा उचलला. अख्खा, आणि दुकानात कधी मिळत नाही तो हिरवागार पालाही त्यावर. पाल्याची पीठ पेरून भाजी केली, अर्धा मुळा घरमालकीणबाईंना दिला.