सप्टेंबरात म्युनिक: विमानतळ ते आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी)

मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे. विमानतळावरून एस-१ आणि एस-८ या दोन्ही लोकल शहरात आणतात आणि पाऊण तासात माणूस मारियेनप्लाट्झ या मधल्या चौकात पोचतो. या भागात कुणी अडत नाही. दर हिवाळी सत्राला शिकायला येणारी नवी मुलं अडतात ती यानंतरच्या सहा आठवड्यांत, आणि त्या अडण्याची सुरुवात इकडे नाही, तिकडे पुण्या-मुंबईतच झालेली असते.

तिकडे मिळणारा हिशेब असा असतो: ब्लॉक खात्यात, म्हणजे व्हिसासाठी उघडाव्या लागणाऱ्या आणि महिन्याला ठरावीक रक्कमच सोडणाऱ्या खात्यात, ११,९०४ युरो भरा, दरमहा ९९२ सुटतील, त्यात भागतं. म्युनिकमध्ये भागत नाही. इथं सामायिक फ्लॅटमधली एक खोली आठशे युरोच्या आसपास जाते. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याचा सरकारी आरोग्य विमा महिन्याला दीडशेच्या घरात. राहिलेल्या चाळीस-पन्नास युरोंत महिना काढून दाखवावा कुणीही. ९९२ ही रक्कम व्हिसासाठी अख्ख्या जर्मनीला एकच ठरवलेली आहे. ती लाइपझिगला पुरेल, म्युनिकला पुरत नाही. शिवाय पहिल्या महिन्यात मालक बहुधा अनामत आणि भाडं एकदम मागतात आणि ब्लॉक खातं तेव्हाही ९९२च सोडतं. म्हणून ब्लॉक खात्याबाहेर, हात घातला की मिळतील असे किमान साडेतीन हजार युरो घेऊन या. फॉरेक्स कार्डावर असोत वा घरच्यांच्या खात्यातून येणार असोत, पण उतरल्या दिवशी वापरता आले पाहिजेत.

दुसरी न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे तारीख. सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, तासिका ऑक्टोबरच्या मध्याला. त्यामुळे सगळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट काढतात. त्याच दिवसांत ऑक्टोबरफेस्ट असतो. नावात ऑक्टोबर असला तरी तो सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास संपतो. त्या काळात हॉस्टेलची साधी खाटही एरवीच्या दुप्पट-तिप्पट भावाने जाते आणि तीही मिळेल याची खात्री नसते. तात्पुरत्या खोल्या भाड्याने देणारेही हेच दिवस साधतात. आमचं स्पष्ट मत: राहायची जागा पक्की नसेल तर या पंधरवड्यात म्युनिकला उतरूच नका. व्हिसाच्या अर्जात प्रवासाची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याची मागा. विद्यापीठाची नोंदणी सुरू होईपर्यंत सरकारी विमा लागू होत नाही, तेव्हा प्रवासी विमाही उतरण्याच्या तारखेपासूनच घ्या.

आता खोली. इथंच घोडं पेंड खातं.

श्टुडीरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहं चालवणारी संस्था, सर्वांत स्वस्त पडते. पण म्युनिकमध्ये तिची प्रतीक्षा यादी काही सत्रांची आहे. फ्राइमानमधलं श्टुडेंटनश्टाट हे देशातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थी वसाहतींपैकी एक. तिथं फेब्रुवारी २०२१ मध्ये आग लागली आणि त्यानंतर काही उंच इमारती रिकाम्या केल्या गेल्या. त्याचा ताण उरलेल्या वसतिगृहांवर आला. तरीही प्रवेशपत्र हाती पडलं त्याच दिवशी अर्ज करा, आणि नंतर ठरलेल्या मुदतीत तो ताजा करत राहा. तसं न केल्यास नाव यादीतून उडतं. पहिल्या सत्रासाठी मात्र या खोलीवर विसंबू नका.

मग उरतात सामायिक फ्लॅट आणि स्विशनमीटं, म्हणजे मूळ भाडेकरू काही महिने बाहेरगावी असताना त्याची खोली. पहिल्या तीन महिन्यांसाठी स्विशनमीटं हाच शहाणा मार्ग. शहराच्या मधोमध शोधत बसू नका. टेक्निकल युनिव्हर्सिटीचे संगणक, मेकॅनिकल आणि भौतिकशास्त्राचे वर्ग गार्शिंगला भरतात, तिथं यू-६ ही मेट्रो जाते. त्याच मार्गावर फ्राइमान आणि गार्शिंग-होखब्रुक बघा. फ्रायझिंग आणि उंटरश्लाइसहाइम एस-१वर, दाखाउ एस-२वर. फ्राइमान म्युनिकातच मोडतं; बाकीच्या गावांचा आणखी एक फायदा आहे: पत्त्याची नोंदणी तिथल्या नगरपालिकेत होते, आणि तिथं भेटीची वेळ म्युनिकपेक्षा सहसा लवकर मिळते.

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. सुंदर फोटो, मारियेनप्लाट्झपासून दहा मिनिटं, भाडं साडेचारशे. मालक परदेशात नोकरीला, म्हणून खोली दाखवू शकत नाही. अनामत पाठवा, चावी कुरिअरने येईल. चावी कधीच येत नाही. स्वतः जाऊन, नाहीतर इथं असलेल्या ओळखीच्या माणसाला पाठवून खोली पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. व्हिडिओ कॉलवर दाखवलेली खोलीही त्याच पत्त्यावरची असेल असं नाही. मालकाने स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पाठवला म्हणून विश्वास ठेवू नका. तो आधी फसलेल्या एखाद्याचा असू शकतो.

खऱ्या मालकाकडूनही जास्त पैसे उकळले जातात. कायद्याने अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढीच घेता येते. थंड भाडं म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे वगळून; जाहिरातीत मोठ्या अक्षरात कोणतं लिहिलंय ते नीट वाचा. ही अनामत तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता राहायला आल्यावर. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि मालक आपणहून सांगत नाहीत. खोली ताब्यात घेताना भिंतीवरचे डाग, खिडकीच्या कड्या, शॉवरमधली बुरशी, मीटरचे आकडे या सगळ्याचे फोटो काढून हस्तांतराच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. अनामत परत मिळवताना तोच कागद कामाला येतो.

आता ज्या कागदापायी सगळ्यात जास्त मुलं रडकुंडीला येतात तो. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग करावी लागते. त्यासाठी पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग लागतं. हे शेवटचं म्हणजे 'हा माणूस या तारखेपासून या पत्त्यावर राहतो' असं घर देणाऱ्याने सही करून दिलेलं पत्र. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. करार दाखवला तरी खिडकीवरून परत पाठवतात, आणि पुढची वेळ आठवड्यांनी मिळते. पत्रात घर देणाऱ्याचं नाव, मालक वेगळा असेल तर त्याचंही नाव, राहायला आल्याची तारीख, पूर्ण पत्ता आणि राहणाऱ्यांची नावं हवीत. पोटभाड्याने खोली देणारा मूळ भाडेकरूही हे पत्र देऊ शकतो. पैसे देण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: आनमेल्डुंग करता येईल का? उत्तर 'नाही' आलं, किंवा गुळमुळीत आलं, तर ती खोली सोडा, कितीही छान असली तरी.

कारण पुढचं सगळं या एका नोंदणीवर अडतं. कर क्रमांक पत्राने घरी येतो तो नोंदणीनंतरच. निवास परवान्याच्या अर्जाला ती लागते. पुष्कळशा बँकाही तीच मागतात, आणि ब्लॉक खात्याचे पैसे वळवायला जर्मन खातं लागतं. काही बँकांच्या व्हिडिओ पडताळणीत भारतीय पासपोर्ट चालत नाही. खातं निवडण्याआधी हे पाहा, आणि पोस्टात जाऊन ओळख पटवायची सोय असलेली बँक धरा.

नोंदणीसाठी ब्युर्गरब्युरोची, म्हणजे नोंदणी करणाऱ्या पालिकेच्या नागरी कार्यालयाची वेळ भारतातूनच, खोलीची तारीख ठरताच घ्या. दोन आठवड्यांच्या आतली वेळ मिळाली नाही तर मिळेल ती घ्या आणि त्याचा पुरावा जपा. उशिराला कायद्यात हजार युरोंपर्यंत दंड आहे. आणि पैसे घेऊन नुसता पत्ता 'देणाऱ्यां'कडे फिरकू नका. न राहणाऱ्याला पत्ता पुरवण्यावर पन्नास हजार युरोंपर्यंत दंड आहे, आणि खोट्या पत्त्यावर आलेली तुमची पत्रंही तुम्हाला मिळणार नाहीत.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक मुलांनी तो विचार करून भरावा. कॅथलिक लिहिलंत की पुढे नोकरी लागून आयकर सुरू झाला की त्या आयकराच्या आठ टक्के चर्च कर बव्हेरियात कापला जातो.

टपालपेटीवर आपलं नाव पहिल्याच दिवशी चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि बँकेचं कार्ड, पिन, विमा कार्ड, कर क्रमांक हे सगळं पत्रानेच येतं. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येईल, दरमहा १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नका. वर्गणी प्रत्येक घरामागे एकच असते. फ्लॅटमधलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवून मोकळे व्हा आणि आपला वाटा त्याला द्या.

विम्याबाबत एकच सांगणं: तीस वर्षांच्या आत असाल तर सरकारी विमाच घ्या. खाजगी विमा दिसायला स्वस्त असतो, पण त्यासाठी सरकारी विम्यातून सूट घेतलीत की पूर्ण शिक्षण होईपर्यंत परत येता येत नाही. सरकारी विमा कंपनी विद्यापीठाला थेट संगणकीय निरोप पाठवते, त्याला एम-१० म्हणतात. तो पोचल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही, म्हणून प्रवेशाच्या मुदतीच्या दोन आठवडे आधी विचारणा करा.

स्वागत सप्ताह, कँटीन, ग्रंथालय यांत अडचण येत नाही, विद्यापीठं ते सगळं नीट सांगतात. परीक्षेची नोंदणी मात्र वेगळी करावी लागते. विषयाला बसलात म्हणून परीक्षेला बसता येत नाही. ऑनलाइन नोंदणीची मुदत चुकली तर ती परीक्षा गेली. आपल्या अभ्यासक्रमात किती प्रयत्न मिळतात ते परीक्षा नियमावलीत पहिल्याच महिन्यात वाचा. शेवटचा प्रयत्न हुकला तर तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही बहुधा करता येत नाही.

निवास परवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या किमान आठ आठवडे आधी ऑनलाइन टाका आणि पोचपावती छापून ठेवा. मुदतीच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत राहणं कायदेशीर असतं. व्हिसा संपल्यावर केलेल्या अर्जाला हे संरक्षण नाही. नाताळात घरी जायचं असेल तर परवाना हाती आलाय, किंवा पुन्हा प्रवेशाची मुभा देणारं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालंय, हे पाहूनच मुंबईचं तिकीट काढा.