तुम्ही विचारलंत म्हणून: देवानं वाट दाखवली, म्हणजे नक्की काय झालं?

2015 च्या भूकंपानंतर मी नर्स म्हणून नेपाळला जाऊन आले. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभी राहिले की उपासनेनंतर कुणीतरी बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारतं. "सिस्टर, तिथं तुमची ओळख नव्हती, राहायची सोय नव्हती, कुठल्या गावाला जायचं हेही ठरलेलं नव्हतं. मग देवानं वाट दाखवली म्हणता, ते कळलं कसं? आवाज ऐकू आला का?" विचारणाऱ्यांत नर्सिंगच्या मुली असतात, त्यांना स्वतःला कुठंतरी जायचं असतं. कधी माझ्या वॉर्डातली हिंदू मैत्रीण विचारते. तिचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तिला साक्षीची भाषा ठाऊक नाही, त्यामुळे मलाही तिच्यासमोर त्या भाषेच्या आड उभं राहता येत नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आवाज ऐकू आला नाही. स्वप्न पडलं नाही. ज्यांना पडतं त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. माझ्याशी मात्र प्रभू माणसांच्या तोंडून बोलला, आणि ती माणसं बहुतेक वेळा देवाविषयी काही बोलतही नव्हती.

भूकंप झाला 25 एप्रिलला, शनिवारी, दुपारचे बारा वाजायच्या थोडं आधी. तीव्रता 7.8, केंद्र गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ. जवळपास नऊ हजार माणसं गेली. आमच्या नगरच्या मंडळीत दुसऱ्याच दिवशी प्रार्थना झाली, मग ताडपत्र्या, कापूस, बँडेज, औषधं गोळा झाली. जायचं ठरलं होतं ते मंडळीतल्या एका डॉक्टरांचं, सोबत दोन तरुण मुलं. माझं काम खोकी बांधायचं होतं. निघायच्या तोंडावर डॉक्टरांच्या वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंनी, फोन केला आणि सरळ विचारलं, "सिस्टर, तुम्हाला रजा मिळेल का?"

मी 'प्रार्थना करून सांगते' म्हणाले, आणि केलीही. पण प्रार्थनेतून उठले ती आधी ह्यांच्याकडे गेले. हे म्हणाले, "घरचं मी बघतो, तू जा." सासूबाईंनी मे महिन्यातल्या लग्नकार्याची आठवण करून दिली आणि मग स्वतःच म्हणाल्या, लग्न काय, तुझ्यावाचूनही लागेल. मेट्रननी एकही प्रश्न न विचारता रजेवर सही केली. मुलींना मी हे मुद्दाम सांगते. फक्त मला एकटीलाच ऐकू येणारं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, मी लगेच खरं धरत नाही. ज्या माणसांना माझ्या जाण्याची किंमत मोजावी लागणार आहे त्यांनी मोकळ्या मनानं हो म्हटलं, मंडळीनं हो म्हटलं, तर मी पाऊल टाकते. त्यांतलं कुणी अडलं असतं, तर मी खोकी बांधून घरी थांबले असते आणि तेही देवाचंच सांगणं मानलं असतं.

नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. पुण्याहून गोरखपूर, तिथून जीपनं सीमेवरचं सोनौली. सोबतच्या दोन्ही मुलांच्या डोक्यात काठमांडू होतं, कारण टीव्हीवर सगळं काठमांडूच दिसत होतं. सीमेवर कळलं की मदतीचं सामान आत न्यायला तिकडच्या कुणाचं तरी पत्र लागेल. आमच्याकडे नगरच्या मंडळीचं पत्र होतं, ते तिथं उपयोगाचं नव्हतं. सोनौलीच्या एका लॉजवर रात्र काढली. खोकी खोलीत मावेनात, म्हणून मुलं त्यांच्यावरच झोपली. मी पवित्र शास्त्र उघडून बसले.

बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय आपल्यातल्या अनेकांना पाठ असतो, पण सोनौलीत तो मी वेगळ्या डोळ्यांनी वाचला. येशूचा संदेश सांगत फिरणारा पौल आशिया प्रांतात जायला बघतो, पवित्र आत्मा मनाई करतो. बिथुनियाकडे वळतो, तिथंही जाऊ देत नाही. दोन दारं बंद, आणि तिसरं कुठलं ते अजून सांगितलेलं नाही. तरी तो माघारी फिरत नाही, त्रोवसपर्यंत चालत राहतो, आणि मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो, म्हणजे तो माणूस बोलावताना दिसतो, तो तिथं पोचल्यावर. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दृष्टान्तात दिसला पुरुष, मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरात नदीकाठी भेटल्या त्या बायका, आणि विश्वास ठेवणारी पहिली होती जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया. म्हणजे दिशा खरी असूनही पुढं काय भेटेल याचं चित्र पौलाच्या मनातल्यासारखं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या मालकानं, तो काही ख्रिस्ती नव्हता, नेपाळमधल्या बुटवलच्या एका पाळकांचा फोन नंबर दिला. त्यांचं सामानही आधी याच लॉजवर उतरलं होतं. ते मोटरसायकलवर आले, आमची खोकी उघडून बघितली, आणि म्हणाले की काठमांडूला जाऊ नका. विमानं, मोठ्या संस्था, परदेशी डॉक्टर सगळे तिथं पोचतायत. गोरखा बाजाराच्या वर एक गाव आहे, तिथल्या हेल्थ पोस्टवर एकच अनमी आहे, तिचं घर पडलंय आणि भूकंपापासून ती सलग काम करते आहे. "तुम्ही नर्स ना, दिदी? तिला झोपायला द्या." अनमी म्हणजे आपल्याकडची एएनएम. पत्र त्यांनी दोन तासांत आणून दिलं.

माझं पाचारण एवढंच होतं, बघा. एका थकलेल्या बाईला झोप मिळावी म्हणून मला नगरहून नेलं. हे मी मोठ्या समाधानानं सांगते. 'प्रभू, मला कुठं नेतोस' असं विचारताना आपल्या मनात एखादा देश असतो, हजारो लोक असतात. उत्तर आलं ते एका माणसाच्या गरजेच्या मापाचं, आणि नेमकं मला जमणारं. शस्त्रक्रिया मला येत नाही. ड्रेसिंग येतं.

बुटवलहून नारायणघाट, मुग्लिन, मग आंबू खैरेनीवरून गोरखा बाजार. पुढं दरडी कोसळलेल्या, काही ठिकाणी खोकी पाठीवर घेऊन चालावं लागलं. दगडमातीची घरं होत्याची नव्हती झाली होती. हेल्थ पोस्टच्या अंगणात ताडपत्री ताणून त्याखाली काम चालायचं. मी त्या अनमीच्या हाताखाली उभी राहिले, तीच ठरवायची कुणाला आधी बघायचं. चिघळलेल्या जखमा, धनुर्वाताची इंजेक्शनं, लहान मुलांचे जुलाब, दिवस भरत आलेल्या बायका. पहिल्या दुपारी ती ताडपत्रीच्या कोपऱ्यात आडवी झाली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही. लोकांनी आपणहून आवाज कमी केला. 12 मेला दुपारी पुन्हा 7.3 चा धक्का बसला तेव्हा आम्ही तिथंच होतो. घराच्या भिंतीपाशी जायचं धाडस नुकतंच करू लागलेली माणसं परत शेतात झोपायला गेली. तेव्हापासून सगळ्यांचं एकच बोलणं, जूनच्या मध्यावर पाऊस येईल, त्याआधी जस्तापाता मिळेल का. जस्तापाता म्हणजे आपले छपराचे पत्रे. मुलांनी डोंगर उतरून गोरखा बाजारात रांगा लावल्या. शंभर भारतीय रुपयांना 160 नेपाळी मिळतात, त्या हिशेबानं आमच्याकडच्या पैशांत जेवढे बसले तेवढे पत्रे आणले.

पाळकांची एक अट होती. मदतीच्या पिशवीत धर्मप्रचाराचं पत्रक जाणार नाही, आणि ड्रेसिंग करताना कुणाला धर्माचं विचारायचं नाही. नेपाळच्या तेव्हाच्या अंतरिम संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करवायला मनाई होती, सप्टेंबर 2015 मध्ये आलेल्या नव्या संविधानातही ती राहिली. पण त्यांनी कायद्याचं नावही काढलं नाही. म्हणाले, घर पडलेल्या माणसाकडून हो म्हणवून घेणं सोपं असतं, आणि तसं हो प्रभूला नको आहे. मला हे मनापासून पटलं. मग तो मिशनचा प्रवास कसा, असं आपल्यातलेच काही विचारतात. प्रभूनं कुष्ठरोग्यांना बरं केलं ते दहा होते, परत आला एक. बाकीच्या नऊ जणांचा रोग काही त्यानं परत आणला नाही.

आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांना तर न ठरवलेल्या प्रवासाचं नवल वाटायचं कारण नाही. फेब्रुवारी 1812 मध्ये अमेरिकेतून पाच तरुण मिशनरी दोन जहाजांनी निघाले, काहींच्या सोबत बायका होत्या. काम नक्की कुठं करायचं हे पक्कं नव्हतं. कलकत्त्याला उतरले तर ईस्ट इंडिया कंपनीनं निघून जा म्हणून सांगितलं. त्याच वर्षी अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध पेटलं, तेव्हा तर ते शत्रूच्या देशातले झाले. अडोनिराम जडसन ब्रह्मदेशात पोचले आणि तिथंच आयुष्यभर राहिले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 11 फेब्रुवारी 1813 ला मुंबईला आले. त्यांना इंग्लंडला परत धाडायचा हुकूम गव्हर्नरच्या हातात होता, तरी शेवटी राहू दिलं. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, आणि 1831 मध्ये ते नगरला आलं. माझ्या पणजोबांना अक्षरओळख झाली ती त्या मिशनच्या शाळेत. बंद झालेल्या कलकत्त्याच्या दारातून माझं घराणं शिकलं, असं मी मानते.

पण ही गोष्ट एवढ्यावर थांबवली तर ती खोटी होईल. त्या जहाजांवर हॅरिएट न्यूवेलही होती. तिलाही कलकत्त्याहून निघावं लागलं. समुद्रातच तिचं तान्हं बाळ गेलं, आणि नोव्हेंबर 1812 मध्ये मॉरिशसला ती स्वतः गेली, एकोणीस वर्षांची. जडसनांची वाट बंद झाली ती त्यांना ब्रह्मदेशाला नेण्यासाठी, असं आपण सहज म्हणतो. हॅरिएटची वाट कशासाठी बंद झाली, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

माझी वॉर्डातली मैत्रीण नेमकं हेच विचारते. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे हजारो शाळा कोसळल्या तेव्हा वर्ग रिकामे होते. ती मुलं वाचली, देवाची कृपा, असं मी म्हणते. मग ती म्हणते, तिथले ख्रिस्ती लोकही शनिवारीच उपासनेला जमतात ना? हो. काही ठिकाणी उपासना चालू असतानाच छत खाली आलं. एकाच शनिवारनं मुलांना बाहेर ठेवलं आणि गाणाऱ्या माणसांना आत. मी तिला उत्तर देत नाही, कारण माझ्याकडे ते नाही. पुढचं पाऊल कुठं टाकायचं हे मला कळलं, याचा अर्थ देवाची सगळी कारणं मला कळली असा होत नाही. आणि ज्यांच्या घरातलं माणूस त्या छताखाली गेलं त्यांच्यासमोर माझ्या प्रवासातल्या योगायोगांची साक्ष मी कधी दिली नाही, देणारही नाही.

त्या गावावरच्या मंडळीतलीही माणसं गेली होती. पुढच्या शनिवारी ते मक्याच्या शेतात बसले, बुटवलचे पाळकही वर आले होते. गावच्या पाळकांनी सेहेचाळिसावं स्तोत्र उघडलं. नेपाळी शास्त्र देवनागरीतच असल्यामुळे मलाही शेजारच्या बाईच्या पुस्तकात बघून वाचता येत होतं. पृथ्वी उलथली तरी आम्ही भिणार नाही, या ओळीवर पाळक थांबले, त्यांच्याच्यानं पुढं वाचवेना. मागून एका म्हाताऱ्यानं ती ओळ पुरी केली, मग सगळ्यांनी मिळून स्तोत्र संपवलं. प्रार्थनेनंतर पत्र्यांची यादी वाचून दाखवली. पहिली नावं वरच्या वाडीतल्या, मंडळीत नसलेल्या घरांची होती, कारण त्यांच्याकडे तान्ही मुलं जास्त होती. कुणी हरकत घेतली नाही, आणि आमची दोन मुलं गावच्या पोरांबरोबर पत्रे उचलायला निघाली.