गर्जेल तो पडेल काय

जिथे मी कधी गेलेलो नाही आणि बहुधा जाणारही नाही, अशा प्रदेशांचे हवामान वाचत बसण्याची मला खोड आहे. घरातले या खोडीला हसतात, आणि ती हसण्यासारखीच आहे. कारण स्वतःच्या खिडकीबाहेर आभाळ भरून आले आहे की नाही हे मान वर करून न पाहणारा मी, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा डोंगराळ मुलुखात उद्या वारा कोणत्या दिशेचा असेल याची आस्थेने चौकशी करतो. परवा दुपारी उकाड्याने डोळा लागेना, म्हणून असाच एक प्रादेशिक अंदाज उघडला. त्यात एकाखाली एक तीन ओळी होत्या. उष्णतेची लाट कायम राहील. दुपारनंतर मेघगर्जनेसह वादळे होतील. वणव्यांचा धोका वाढेल. पहिल्या दोन ओळी सहज ओलांडल्या आणि तिसरीपाशी अडखळलो. वादळ येणार असेल तर वणव्याचा धोका उतरायला हवा; तो वाढेल कसा?

हा प्रश्न मुळात लहानपणाचा आहे. दिवसच्या दिवस काहिली व्हावी, रात्रीसुद्धा फरशी कोमट लागावी आणि एके दिवशी दुपारीच अंधारून यावे. वाळत घातलेले कपडे ओढून आणण्याची धांदल, आपटणाऱ्या खिडक्या आणि दाराच्या चौकटीत दाटीवाटीने उभे राहिलेलो आम्ही. वीज लखलखली की आजोबा म्हणत, ‘मोजा रे!’ गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे म्हणायचे आणि त्यांना तिनाने भागायचे, कारण आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. मी भित्रा असल्यामुळे भराभर मोजत असे, म्हणजे आकडा मोठा येई आणि वीज तेवढीच लांब राही. माझ्या हिशेबात कोणतेही वादळ चार किलोमीटरच्या आत आल्याची नोंद नाही, डोक्यावर तावदाने थरथरत असतानासुद्धा नाही. मग टपटप थेंब पडत, मातीचा वास येई आणि उन्हाळ्याचा त्या दिवसापुरता तरी निकाल लागे. गडगडाट म्हणजे सुटका, हे मनात इतके पक्के बसले आहे.

खरे तर उत्तर मराठीत केव्हाचेच पडून होते. आपण ते भलत्या कामाला जुंपले. ‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण आपण बढाईखोराला लावतो आणि तिच्यातला ढग खराच ढग आहे हे विसरून जातो. जमिनीलगतची हवा तापून कोरडी ठणठणीत झालेली असली, की वादळी ढगाचा तळ खूप उंचावर राहतो आणि त्यातून निघालेला पाऊस वाटेतच विरून जातो. दुरून पाहावे तर ढगाखाली करड्या धारा लोंबताना दिसतात, पण त्या जमिनीला टेकत नाहीत. वीज मात्र बरोबर पोहोचते. शिवाय विरणाऱ्या थेंबांमुळे गार आणि जड झालेली हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून सोसाट्याच्या वाऱ्यासारखी चहूकडे पसरते. म्हणजे काडीही ढगच लावतो आणि फुंकणीही तोच धरतो. पाणी तेवढे द्यायचे राहून जाते. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच कोरड्या गडगडाटाने शेकडो वणवे पेटवले आणि त्यांतले काही एकमेकांत मिसळून जी एक प्रचंड आग झाली, तिने १० लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळले.

उलटा क्रमही घडतो, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. मोठ्या वणव्याची धग धुरासकट हवा इतकी वर फेकते, की तिचाच गर्जणारा ढग बनतो. कॅनडातील लिटन हे गाव पन्नासाव्या अक्षांशाच्याही उत्तरेला आहे. तिथे २९ जून २०२१ रोजी पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आगीत जवळजवळ सगळे गाव बेचिराख झाले. त्याच रात्री त्या पश्चिम भागात वणव्यांच्या धुरातून उठलेल्या ढगांनी सात लाखांहून अधिक विजांची नोंद करून दिली. तिथे कोणी दारात उभे राहून आकडे मोजले असतील असे वाटत नाही.

रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात रोजचा हवामान अंदाज देण्यास सुरुवात केली, तेव्हा ही भाकिते नव्हेत असा त्यांचा आग्रह होता. आपला ‘अंदाज’ हा शब्दही तसाच नम्र आहे. पण त्या तीन ओळी ज्या सपाट आवाजात लिहिल्या होत्या, त्या आवाजाचा मला थोडा राग आला. मध्ये निदान एखादे ‘म्हणून’ घालायला काय हरकत होती? अर्थात, माझ्यासारख्या रिकामटेकड्यासाठी तो अंदाज लिहिलेला नव्हता; ज्यांच्यासाठी होता, त्यांना ते ‘म्हणून’ न सांगताच ठाऊक असणार.

वीज पडलेले झाड कधी कधी आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहते आणि वारा सुटला की पेट घेते, असेही त्या दुपारी वाचले. काल तोच अंदाज पुन्हा उघडला. उष्णतेची ओळ सौम्य झाली होती, वादळांची ओळ काढून टाकलेली होती. तिसरी तशीच होती.