तुम्ही विचारलंत म्हणून: खरंच दुखतं का तिला?

हा प्रश्न मला सहसा दाराशी विचारला जातो. व्यायाम झालेला असतो, पुढची तारीख ठरलेली असते, मुलगी बूट घालून जिना उतरायला लागलेली असते. मग आई एक पाऊल मागे येते, आवाज खाली आणते आणि म्हणते, "मॅडम, खरं सांगा. हिला खरंच दुखतं, की मनाचं आहे सगळं?"

दादर-परळ भागात फिजिओथेरपी करताना मला २४ वर्षं झाली. तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींबद्दल हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर आता तोंडपाठ आहे: हो, खरंच दुखतं. पण एवढ्यानं कुठल्या आईचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून सविस्तर सांगते.

आधी माझी एक चूक. प्रॅक्टिस सुरू करून वर्षही झालं नव्हतं. दहावीतला एक मुलगा मान आणि डोकं दुखतं म्हणून यायचा. एक्स-रे साफ, डोळे तपासलेले, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून झालेलं. आईनं विचारलं आणि मी त्याच्यासमोरच म्हणाले, "काही नाहीये याला. अभ्यासाचं टेन्शन आहे, परीक्षा झाली की जाईल." मला वाटलं, मी धीर दिला. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, दप्तर उचललं आणि गेला. पुन्हा आला नाही. तुझ्या सांगण्यावर माझा विश्वास नाही, एवढंच त्यानं माझ्याकडून ऐकलं. "काही सापडलं नाही" आणि "काही नाही" यांतलं अंतर तेव्हा मला कळत नव्हतं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसपी. तिनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्यानं मांडली. तिच्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा असा दुहेरी अनुभव मानलाय, आणि त्यासाठी शरीराला इजा झालेलीच असावी अशी अट ठेवलेली नाही. सोबतच्या टिपांमध्ये असंही म्हटलंय की, माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. हे वाचलं तेव्हा मला आपली मराठी आठवली. आपल्याकडे पायही दुखावतो आणि मनही दुखावतं, क्रियापद एकच.

दोन वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) कबड्डी खेळायची, डावा कोपरा सांभाळायची. पकड करताना घोटा मुरगळला. लिगामेंटला झालेली इजा सहा-आठ आठवड्यांत भरून येण्याजोगी होती आणि ती भरूनही आली. सूज उतरली, एमआरआय साफ आला. पण पाचव्या महिन्यात माझ्याकडे आली तेव्हा ती पाय जमिनीला टेकवत नव्हती. मोजा चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. आजीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली होती, व्हिटॅमिन डी कमी निघालं म्हणून त्याचं औषध झालं होतं. वडील वैतागून म्हणत होते, "थेरं आहेत, शाळेला दांडी मारायला."

घोटा तपासून झाल्यावर मी विचारलं, "येतेस कुठून?" तर नालासोपाऱ्याहून. घर दादरजवळच्या नायगावच्या बीडीडी चाळीत होतं. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली, भाडं घेऊन कुटुंब लांब राहायला गेलं, शाळा मात्र दादरचीच ठेवली. सकाळचं सत्र, म्हणजे साडेचारला उठायचं. १६० चौरस फुटांची खोली सुटली याचं घरात कुणाला वाईट वाटत नव्हतं, सगळे नव्या फ्लॅटबद्दल बोलत होते. त्या आनंदात "मला तिकडे करमत नाही" हे म्हणायला तिला जागाच नव्हती. सामाईक गॅलरी गेली, संध्याकाळचं मैदान गेलं, संघातल्या मुली चार दिशांना पांगल्या. घोटा मुरगळला तो याच दिवसांत.

म्हणजे चाळ सुटल्याचं दुःख पायात उतरलं, असं म्हणून मोकळं होता येईल. मला ते पटत नाही. घोटा खरोखर दुखावला होता. तो नसता मुरगळला, तर कदाचित ती त्या घरातही रुळली असती. आणि घोटा मुरगळला तेव्हा जुनं मैदान शेजारी असतं, तर आठव्या आठवड्यात ती कडेला उभं राहून ओरडत असती आणि दहाव्यात आत उतरली असती. झालं असं की दुखतं म्हणून खेळ बंद झाला, खेळ बंद म्हणून मैत्रिणी तुटल्या, दिवसभर मोबाइल, रात्री झोप नाही, सकाळी अंग जड, अंग जड म्हणून पाय जास्त दुखणार. कुठून सुरू झालं हे शोधून काढायचा हट्ट मी आता सोडलाय. तो फेरा जिथून तोडता येईल तिथून तोडायचा.

हे शरीरात घडतं कसं? १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं की, अंगाकडून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूत जणू एक दार लागतं, आणि ते उघडायचं किती, हे काही प्रमाणात मेंदूही ठरवतो. त्यांच्या सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी मेंदू नुसता निरोप घेत बसत नाही, ही गोष्ट टिकली. भीती, एकटेपणा, अपुरी झोप यांनी ते दार जास्त उघडतं. मी मुलांना सोसायटीच्या वॉचमनचं उदाहरण देते. एकदा चोरी झाली की पुढचे कित्येक महिने तो मांजराच्या चाहुलीलाही शिट्टी मारतो. शिट्टी खरीच वाजते, सगळी बिल्डिंग खरीच जागी होते. फक्त चोर नसतो. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात पुष्कळदा हेच चालू असतं. पोट, डोकं, पाठ, हातपाय, कुठंही.

झोपेबद्दल मला विशेष राग आहे. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. तो आळस नव्हे. २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते चांगलंच झालं. पण घड्याळ सरकतं ते नववी-दहावीवाल्यांचं, आणि ती मुलं सात वाजता बाकावर हजर असतात.

उलट बाजूही सांगायलाच हवी, कारण तिथंही मुलांचे हाल होतात. "मनाचं आहे" म्हणत खरे आजार नजरेतून निसटतात. दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं पोट दुखणाऱ्या मुलीला "बाईच्या जातीला हे असायचंच" म्हणून गप्प बसवतात, आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) कळायला वर्षं जातात. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त सांधे आखडत असतील, सांधा सुजत असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, दुखण्यानं रात्री जाग येत असेल, तर आधी डॉक्टर. मनाचा विषय काढण्यापूर्वी हे तपासून झालं पाहिजे. मात्र एकदा नीट तपासल्यावर, केवळ आपल्या जिवाला चैन नाही म्हणून चौथा एमआरआय करू नका. प्रत्येक नव्या तपासणीबरोबर मुलाला वाटतं, आत काहीतरी भयंकर आहे आणि मोठ्यांना ते सापडत नाहीये.

त्या मुलीचं आम्ही काय केलं? मुलांच्या जुनाट वेदनांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, मानसोपचार आणि औषधं या तिन्हींचा, मुलाच्या गरजेप्रमाणे, विचार करायला सांगितलंय. आमची सुरुवात कापसानं झाली. पायाला स्पर्शाची पुन्हा सवय व्हावी म्हणून आधी कापूस लावायचा, मग टॉवेल, मग खडबडीत पायपुसणं. मग दोन पावलं, मग दादरच्या प्लॅटफॉर्मचं अर्धं अंतर. दुखायचं थांबल्यावर शाळेत जायचं नाही, आधी शाळेत जायचं, दुखणं मागून ओसरतं. हे पटवायला मला तिच्यापेक्षा तिच्या आईवर जास्त मेहनत घ्यावी लागली. आईला एकच पथ्य दिलं होतं. सकाळी उठल्याउठल्या "दुखतंय का गं?" हे विचारायचं नाही. "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" हे संध्याकाळी विचारायचं.

समुपदेशकाकडे पाठवायचं म्हटल्यावर वडील उसळले, "माझी पोरगी वेडी आहे का?" मी म्हटलं, "दादा, घोट्यासाठी तुम्ही तिला माझ्याकडे आणलंत तेव्हा ती पांगळी होती का?" ते गप्प बसले. दोन आठवड्यांनी स्वतःच तिला घेऊन गेले. पैशांची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, हे मी सगळ्यांना सांगते.

आणखी एक गोष्ट, जी दाराशी कुणी विचारत नाही. महिनोन् महिने दुखणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि जगणं नकोसं होण्याचे विचार जास्त आढळतात. मूल जेवेनासं झालं, बोलेनासं झालं, "मी नसले तर बरं" असं काही म्हणालं, तर थेट विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर सांगायला वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटं ठेवू नका. टेलीमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

गेल्या महिन्यात त्या मुलीची आई दादरच्या फूलबाजारात भेटली. पोरगी आता अकरावीला, कॉलेजच्या संघात निवड चाचणी दिलीय, नालासोपाऱ्याच्या दोन मुली रोज बरोबर असतात, त्यातली एक भांडकुदळ आहे, असं सगळं भडाभडा सांगत होत्या. दहावीच्या प्रिलिमच्या वेळी आठवडाभर पुन्हा लंगडली होती, मग आपणहून चालायला लागली. मी विचारलं, "आणि आता घोटा?" त्या शेवंतीची जुडी पिशवीत ठेवता ठेवता थांबल्या. "अगंबाई," म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांत विचारलंच नाही मी."