दिवे घाटात जिंकलेला वाद

ऑफिसातून दोनच दिवस सुट्टी मिळाली, म्हणून पुणे ते सासवड एवढंच चाललो. पण नेमका हाच टप्पा लांबलचक, तीसेक किलोमीटरचा, त्यात एकादशी. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याला लागली आणि आम्ही माउलींच्या मागे घाटाकडे वळलो.

मी देव मानत नाही. मग वारीला कशाला, असं विचाराल तर त्याचं उत्तर माझ्याकडे आजही धड नाही. त्या दिवशी मात्र माझ्याकडे सगळ्याची उत्तरं होती.

माझ्या बाजूला परभणीकडचे एक बाबा चालत होते, सत्तरीचे. घाटात म्हणाले, नातू दुखण्यातून उठला, पांडुरंगाची कृपा. मी म्हटलं, "आणि डॉक्टरनं काय केलं?"

"डॉक्टर लई चांगला होता, माउली."

खरं तर विषय तिथेच मिटला होता. पण दिंडीतली दोन कॉलेजची पोरं कान देऊन ऐकत होती, आणि माझा आवाज चढला. "ऐन पेरणीच्या दिवसांत शेत टाकून यायचं, ही कसली भक्ती?"

"पेरणी उरकून आलोय मी. सकाळी सांगितलं नव्हं का?"

सांगितलं होतं. अगदी हडपसरातच, केळं सोलता सोलता. माझ्या पक्कं लक्षात होतं. तरी मी म्हणालो, "तुमचं सोडा, बाकीच्यांचं काय?" पोरं हसली. बाबा काही न बोलता टाळ वाजवू लागले.

बाकीच्यांचं मला काय ठाऊक होतं? काहीच नाही. उरलेला घाट मी टाचेवरचा फोड सांभाळत चढलो.

संध्याकाळी सासवडच्या तळावर समाजआरती. चोपदारांनी चोप उंचावला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. एकाच दिंडीचे वाजत राहिले. तक्रार असली की टाळ थांबवायचे नाहीत, ही इथली रीत. चोपदार त्यांच्याकडे गेले, म्हणणं ऐकून घेतलं, मग ते टाळही शांत झाले. ना घोषणा, ना भाषण. आमच्या सोसायटीच्या मीटिंगा आठवून मला हसू आलं. मग हरवल्या-सापडल्याची यादी: एक चष्मा, एक पिशवी, पिशवीत दोन धोतरं.

राहुटीत बाबांनी माझा पाय मांडीवर घेतला. सुईत पांढरा दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोन्हीकडे बोटभर ठेवून तोडला. दोऱ्यावरून पाणी हळूहळू झिरपू लागलं.

"बाबा, पेरणीचं तुम्ही सांगितलेलं माझ्या लक्षात होतं," मी म्हणालो. "पोरं ऐकत होती म्हणून बोललो."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "पाय हलवू नका."