कान कापलेली घंटा

घंटेच्या आत लोंबतो त्याला आपण लोलक म्हणतो आणि विषय संपतो. रशियनमध्ये मात्र ती 'जीभ'. घंटा ज्या कड्यांनी तुळईला टांगतात ते 'कान', कड्यांखालचा गोलवा म्हणजे 'खांदे', आणि जीभ आपटते तो जाड काठ म्हणजे 'ओठ'. एवढे अवयव दिल्यावर एखाद्या दिवशी शिक्षाही माणसासारखीच होणार. व्होल्गाकाठच्या उग्लिच या लहानशा गावात तशी झाली.

हे गाव आपल्याला अगदीच परकं नाही. चौलला उतरून जुन्नरात पावसाळा काढणारा अफनासी निकितिन त्वेरहून नावेनं निघाला, तो उग्लिचवरूनच पुढे गेला होता. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १५८४ मध्ये, झार इव्हान 'भयंकर' वारला आणि त्याची शेवटची बायको मारिया नागाया हिला दीड वर्षाच्या मुलासह, दिमित्रीसह, उग्लिचला धाडण्यात आलं. सन्मानानं दिलेली नजरकैदच ती.

१५ मे १५९१. आठ वर्षांचा दिमित्री अंगणात पोरांबरोबर सुरीचा खेळ खेळत होता. सुरी फेकायची आणि जमिनीत रोवायची. खेळता खेळता गळ्यावर जखम होऊन तो मेला, आणि चर्चच्या घंटेवर टोले पडू लागले. धोक्याच्या या टोल्यांना रशियन शब्द आहे 'नबात'. मूळ अरबी, आपल्या नगारखान्यातली नौबत तीच.

रशियन पद्धतीत घंटा झुलवत नाहीत. ती तुळईला पक्की असते. जिभेच्या खालच्या टोकाला दोर बांधून जीभच ओढायची. जिभेचं वजन घंटेच्या साधारण चार-पाच टक्के. ही घंटा सुमारे ३२० किलोची, म्हणजे जीभ १३ ते १६ किलोची. एका माणसाला गाव जागं करायला तेवढी पुरते. वाजवणाऱ्यांत फेदोत नावाचा विधुर पाद्री होता, टोपणनाव 'काकडी'. सरकारी चौकशीच्या कागदांत ते टोपणनाव तसंच उतरलंय. कारकून प्रामाणिक असावा.

जमाव धावला. मॉस्कोनं नेमलेला अधिकारी बित्यागोव्स्की, त्याचा मुलगा आणि आणखी काही जण मिळून पंधरा माणसं ठार झाली. चार दिवसांत मॉस्कोचा सरदार वासिली शुइस्की चौकशीला आला. निष्कर्ष निघाला, की मुलाला फेफरं आलं आणि हातातली सुरी त्यालाच लागली. मग लोकांना फाशी, कुणाची जीभ छाटली, कितीतरी कुटुंबं सैबेरियात. आणि घंटेचीही जीभ उपटली, एक कान तोडला आणि १५९३ मध्ये तिला उरलपलीकडे तोबोल्स्कला हद्दपार केलं.

कान तोडणं अवघड नसतं. घंटेचं कासं म्हणजे साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. इतक्या कथलानं नाद खणखणीत होतो, पण धातू ठिसूळही होतो. वाकत नाही, तुटतो. घणाचा एक नेमका घाव बस्स. तो चुकून अंगावर बसला तर मात्र तडा जातो, आणि तडकलेली घंटा बहुधा वितळवून पुन्हाच ओतावी लागते. रशियन घंटेला मधल्या कडीभोवती सहसा सहा कान असतात, त्यामुळे एक गेला तरी ती टांगता येते. म्हणजे जीभ काढली ती गप्प करायला, कान कापला तो निव्वळ अपमानासाठी.

जीभ नवी बसवता येते, पण तिचं लोखंड कास्यापेक्षा मऊ हवं. ती जास्त जड झाली किंवा टोला ओठाच्या जाड भागाऐवजी कडेवर बसला, की टवका उडतो. कडाक्याच्या थंडीत तर सुरुवात हलक्या टोल्यांनीच करतात. एकदम जोर लावला की घंटा तडकते. सैबेरियात हे शहाणपण लवकर येत असावं. कारण तोबोल्स्कमध्ये या कैद्याला पुढे काम मिळालं, सोफिया चर्चच्या मनोऱ्यात तास वाजवायचं.

घंटेवरचा लेख वजन सांगतो १९ पूद २० पौंड. पूद म्हणजे १६.३८ किलो, हिशेब जुळतो. पण हाच लेख राजपुत्राचा 'वध' झाला म्हणतो, आणि १५९३ मध्ये असं कोरण्याची कुणाची छाती नव्हती. तो नंतरचाच. १६७७ च्या आगीत मूळ घंटा वितळली आणि ही दुसरीच, असंही काही अभ्यासक म्हणतात.

शुइस्कीनं तर तीनदा तीन वेगळ्या साक्षी दिल्या. १५९१ मध्ये अपघात. १६०५ मध्ये तोतया दिमित्री गादीवर आला, तेव्हा 'राजपुत्र जिवंत आहे'. १६०६ मध्ये स्वतः झार झाल्यावर 'खून झाला', आणि वर त्या मुलाला संतपदही देववलं. त्याची जीभ मात्र शाबूत राहिली.

घंटा १८९२ मध्ये उग्लिचला परतली, २९९ वर्षांनी. राजपुत्र पडला त्या जागी बांधलेल्या लाल-पांढऱ्या, निळ्या घुमटांच्या चर्चमध्ये ती ठेवली आहे. तिथल्या भिंतीवर त्या दुपारचं चित्र रंगवलंय. कागदांत अपघात आहे, भिंतीवर खून.