पाच लाखांचे कवच आणि महिन्याच्या गोळ्या

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला, तेव्हा आम्हाला एक रुपयाही भरावा लागला नाही. शिधापत्रिका केशरी होती, रुग्णालय राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सामील होते आणि तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णांना योजनेचे कागद करून देणाऱ्या कर्मचाऱ्याने, पूर्वमंजुरीचे कागद एका दिवसात मार्गी लावले. ते ऋण आमचे कुटुंब मानते.

अडचण सुरू झाली ती मामा घरी आल्यावर. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक, रक्तदाबाची एक, मधुमेहाच्या आधीपासूनच्या दोन, शिवाय दर तीन महिन्यांच्या तपासण्या आणि त्यासाठी तालुक्याला जाण्याचे एसटीचे भाडे, हा सगळा भार कोरडवाहू दोन एकरांवर आणि मामींच्या शिवणयंत्रावर पडला. वर्ष पुरे व्हायच्या आतच मामा त्यांतली एक गोळी दिवसाआड घेऊ लागले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. नेमकी तीच गोळी चुकली तर स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते. म्हणजे शासनाने ज्या उपचारासाठी पैसे मोजले, तोच उपचार पुन्हा करण्याची वेळ येते, आणि तीही माणूस वाचला तर.

ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले आणि २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. राज्यातील सर्व कुटुंबांना, अगदी शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, तेव्हा ऐपतदारांचा भार सरकारने का उचलावा, असा आक्षेप घेतला गेला. मला तो पटत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालताना खरा गरजूच आधी गळतो, आणि मोठे आजारपण मध्यमवर्गीय घरालाही एका वर्षात कर्जात लोटते. सर्वांना संरक्षण हवेच.

पण ते कशापासून? योजनेत उपचारांची यादी आहे, २०२३ च्या निर्णयात ती १,३५६ उपचारांची होती, आणि ती जवळजवळ सगळी रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेली आहे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांना दाखल होण्याचा दिवस नसतो. ते तीस वर्षे चालतात आणि मूत्रपिंड किंवा हृदय निकामी झाल्यावरच योजनेच्या दारात पोचतात, जिथे तोच आजार कितीतरी महाग पडतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. हा वाटा पूर्वीपेक्षा बराच घटला आहे, हे खरे. तरी त्यात औषधांचा भाग मोठा आहे. त्याच वर्षी केंद्र आणि राज्ये मिळून शासनाचा आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते.

औषधे मोफत देणे अशक्य असते, तर तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभे केले नसते आणि राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना चालू केली नसती. महाराष्ट्रातही सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. मामांच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात मात्र रक्तदाबाची गोळी मिळते आणि स्टेंटनंतरची मिळत नाही. चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची हाती पडते.

माझी मागणी नेमकी आहे. योजनेतून उपचार झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरील औषधांची यादी त्याच्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावी, ती औषधे तिथे दर महिन्याला मिळावीत, आणि त्यासाठीची रक्कम योजनेच्या तरतुदीतच, विम्याच्या हप्त्याइतक्याच हक्काने, वेगळी ठेवली जावी.